उरक

मराठीत 'उरक' नावाचा एक छोटासा शब्द आहे. सुनेची वाखाणणी करताना, किंवा कार्यप्रसंगी पंगतीच्या व्यवस्थेत वावरणाऱ्या एखाद्या बाईकडे बोट दाखविताना, आपल्याकडची वडीलधारी माणसे हा शब्द वापरीत आली आहेत. "तिच्या कामाला उरक आहे हो!" असे एकदा म्हटले की पुढे आणखी प्रशस्तिपत्र लागत नाही. पण मौज अशी की, याच शब्दाचे क्रियापद करून त्याला 'टाकणे' जोडले, की त्याची सगळी प्रतिष्ठा धुळीला मिळते. ज्याने काम 'उरकून टाकले' त्याच्याकडे आपण संशयाने पाहतो. ज्याच्या कामाला 'उरक' आहे त्याच्याकडे आदराने. काम तर दोघेही लवकरच संपवितात. मग फरक कशात?

हे कोडे मी पुष्कळ दिवस मनात बाळगून होतो. ते सुटले एका मोटारी धुण्याच्या शेडमध्ये.

माझा भाचा इंजिनिअर आहे. काही वर्षे एका कारखान्यात काढल्यावर त्याला साक्षात्कार झाला की, मोटारी तयार करणारे पुष्कळ आहेत, पण त्या नीट धुणारे फार थोडे. त्याने कर्वेनगरच्या बाजूला पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली, पाण्याचा पंप बसविला आणि दारावर 'कार डिटेलिंग' अशी पाटी लावली. "म्हणजे रे काय?" असे मी विचारल्यावर तो म्हणाला, "मामा, गाडी तपशीलवार धुणे." मला हे उत्तर आवडले. गाडी धुणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तपशिलात शिरणारा माणूस मात्र कोणत्याही धंद्यात विरळाच.

तेव्हापासून सकाळचे दोन-तीन तास मी त्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसतो. निवृत्त माणसाला बसावयास तीन जागा असतात : देऊळ, बँक आणि बागेतला बाक. मला ही चौथी सापडली. भाचा मला मामा म्हणतो म्हणून तिथली पोरेही मामाच म्हणू लागली, आणि एवढ्या जणांनी मिळून मामा केलेला मी बहुधा पुण्यातला एकटाच गृहस्थ असेन. पण करमणूक उत्तम होते. ताम्हिणी चढून आलेली कोकणची तांबडी माती, सोलापूर रस्त्याची काळी, नव्या इमारतींच्या आसपासची सिमेंटची पांढुरकी धूळ, सारी येथे चाकांना आणि मडगार्डांना चिकटून दर्शनाला येते. गाडीकडे पाहून मालक रविवारी कुठे गेला होता हे मी आता बिनचूक सांगू शकतो.

या तपशीलवार धुण्यात बाहेरून धुणे, पुसणे, आतला केर यंत्राने ओढणे आणि काचा लखलखीत करणे एवढे तर येतेच. हौशी गिऱ्हाईक असेल तर पुढचे सोपस्कार होतात. चिकणमातीसारखा एक लवचीक गोळा ओल्या पत्र्यावरून अलगद फिरवून रंगाला चिकटलेले बारीक कण उचलावयाचे, मग यंत्राने पॉलिश करावयाचे, आणि शेवटी मेणाचा हात द्यावयाचा. हे उंची मेण कार्नोबा नावाचे. ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवरून ते काढतात. कुठले ताडाचे पान आणि कुठली कर्वेनगरची मोटार! पण हे सोपस्कार एखाददुसऱ्या गाडीचे. रोजची भाकरी मिळते ती साध्या धुण्या-पुसण्यावर, आणि वेळेचा सगळा हिशेबही तिथेच.

कामाला मुख्य पोरे दोन. एक बारामतीकडचा, दुसरा बीड जिल्ह्यातला. मी त्यांना मनातल्या मनात बारामतीकर आणि बीडकर म्हणतो. बारामतीकर म्हणजे नुसता वारा. गाडी आत आली की तो धावत सुटे. बादली इकडे, नळी तिकडे, तोंडाने गाणे, अंगावर फेस. त्याच्याकडे पाहताना आपणच काहीतरी मोठे काम करीत आहोत असा भास होई. बीडकर याच्या अगदी उलट. गाडी आली की तो आधी तिच्याकडे नुसता पाहत उभा राही. मग कमरेचा एप्रन घट्ट बांधी, त्याच्या खिशांत फडकी आणि ब्रश लावी, आणि सावकाश हालू लागे. नव्याने आलेले गिऱ्हाईक हटकून म्हणे, "माझी गाडी त्या चटपटीत पोराकडे द्या." आणि रोज दुपारी हिशेब केला की बीडकराची एक गाडी जास्त भरलेली असे!

हे गूढ उकलण्यासाठी मी एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसलो. साधारण छोटी गाडी चार मीटरच्या आत लांब असते. हात पोचेल एवढे अंतर ठेवून तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली की सुमारे पंधरा मीटर चालणे होते. बारामतीकराने एका गाडीभोवती ३४ प्रदक्षिणा घातल्या. एक फेरी काचांसाठी, एक दारांच्या कडांसाठी, एक विसरलेल्या ब्रशसाठी, एक ब्रश कुठे ठेवला ते शोधण्यासाठी. बीडकराच्या भरल्या ९. फरक २५ फेऱ्यांचा, म्हणजे एका गाडीमागे ३७५ मीटर, आणि आठ गाड्यांमागे तीन किलोमीटर. बारामतीकर रोज एवढे जास्त चालत होता, आणि तेही गाडीला हात न लावता!

"तू इतका कमी कसा रे चालतोस?" मी बीडकराला विचारले.

तो लाजून म्हणाला, "मामा, मला संध्याकाळी पळायचं असतंय. दिवसभर इथंच पाय मोडून घेतले तर पळू कशानं?"

पोरगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. तिथे सोळाशे मीटर धावावे लागते. शेडमध्ये वाचविलेले पाऊल तो मैदानावर खर्च करीत होता. मला हे अर्थशास्त्र फार आवडले.

त्यानंतर मी त्याचे काम बारकाईने पाहू लागलो. पहिली गोष्ट, तो आधी भिजत घालतो. गाडी आली की पायपुसणी बाहेर काढून, घासून, दोरीवर टाकतो. कारण ती वाळावयास सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि बाकीचे काम होईपर्यंत ती आपोआप वाळतात. पत्र्यावर फेस मारला की तो दोन-चार मिनिटे तसाच राहू देतो. मळ सैल होण्याचे काम फेस करतो, आणि तेवढ्यात हा दुसरे काहीतरी करतो. फेस वाळू द्यावयाचा नाही, एवढीच त्यात काळजी. ज्या घरात रात्री डाळ भिजत घातल्याशिवाय दिवा मालवत नाहीत, त्या घरातल्या माणसाला हे शास्त्र शिकवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, तो वरून खाली येतो. आधी टप, मग काचा, मग दारे, आणि शेवटी खालच्या पट्ट्या. घाण वरून खाली उतरते, आणि खालच्या भागात वाळू सर्वांत जास्त असते. तिथले फडके टपावर नेले तर ती वाळू टपावर घासली जाईल. दिवाळीच्या साफसफाईत आधी जमीन पुसून मग जळमटे काढणारी गृहिणी अजून जन्माला यावयाची आहे. गाडीच्या आतही हाच न्याय : आधी वरची फळी, मग आसने, आणि केर ओढावयाचा तो अगदी शेवटी. त्यातही पुढचे आसन पार मागे सारून पुढचा भाग, आणि मग पार पुढे सारून मागचा. उगाच अंग चोरून कुठे शिरावयाचे नाही.

या नियमाला अपवाद फक्त चाकांचा. चाके सर्वांत खाली असून तो ती सर्वांत आधी धुतो. मला आधी हे उलटे वाटले. पण चाकांवर ब्रेकची काळी भुकटी आणि रस्त्याचा चिखल असतो. स्वच्छ झालेल्या दारावर शेवटी त्याचे शिंतोडे उडविले तर दार पुन्हा धुवावे लागेल. चाकांची बादली वेगळी, ब्रश वेगळा. त्यांचा स्पर्श इतरांना नाही. चाकांपाशी बसण्यासाठी त्याने एका जुन्या पाटाला चार छोटी चाके ठोकून घेतली आहेत. त्यावर बसून तो एका चाकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. उठणे-बसणे वाचते, आणि संध्याकाळच्या धावण्यासाठी गुडघे शाबूत राहतात.

तिसरी गोष्ट दोन बादल्यांची. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. धुण्याचा मोजा पत्र्यावरून फिरविला की आधी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवावयाचा. वाळू साध्या पाण्याच्या तळाशी जाते, साबणात येत नाही. पुसण्याच्या फडक्याचेही तसेच. चौकोनी फडके दोनदा दुमडले की त्याला आठ तोंडे होतात. एक मळले की दुसरे. बारामतीकर एकाच तोंडाने सगळी गाडी पुसून फडके पिळावयास नळाकडे धाव घेई. बीडकर उभ्या जागी पान उलटल्यासारखे फडके उलटी. एका दारापाशी गेला की दाराची कड, काच, आतली बाजू आणि आसन सगळे पुरे करूनच तो पुढच्या दाराकडे वळे.

कोणी म्हणेल, गाडीच ती; एवढी सोवळी कशाला? तर याचे उत्तर रंगात आहे. मुंबईची जुनी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या ड्रायव्हरच्या खांद्यावरचे पिवळे फडकेही आठवत असेल. सिग्नलला गाडी थांबली की तो उतरून बॉनेट पुसून घेई. ती टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या पिढीच्या गाड्यांचा रंग वरपासून खालपर्यंत एकच असे. जोर लावून पॉलिश केले की थोडा रंग फडक्याला येई, खालून तोच पुन्हा चमके. आताच्या गाड्यांचे तसे नाही. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो आणि सगळी चमक त्या थराची. त्याची जाडी सर्वसाधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरतात. कोरड्या धुळीवरून फडके फिरविले की धुळीतले कण या थरावर बारीक ओरखडे काढतात. सावलीत ते दिसत नाहीत. उन्हात गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. मग ते घालविण्यासाठी पॉलिशचे यंत्र लावावयाचे. म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत तो थरच किंचित खरवडावयाचा. खरवडलेला थर परत येत नाही. घाईने वाचविलेली पाच मिनिटे अशी तासांनी फेडावी लागतात, आणि तीही गाडीच्या कातडीने.

हे सारे पाहत असताना मला एका गवंड्याची आठवण होई. फ्रँक गिलब्रेथ हा अमेरिकेत १८८५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, विटा रचण्याच्या कामावर उमेदवार म्हणून लागला. शिकविणारा प्रत्येक गवंडी वेगवेगळ्या रीतीने वीट ठेवतो हे पाहून त्याला कुतूहल वाटले. त्याने हालचाली मोजल्या. एक वीट बसविण्यात १८ हालचाली होत. त्याने त्या ५ वर आणल्या. युक्ती साधी होती. वीट उचलण्यासाठी गवंड्याला दर खेपेस जमिनीपर्यंत वाकावे लागे. गिलब्रेथने भिंतीबरोबर उंच होत जाणारी परांची केली आणि विटा कमरेच्या उंचीवर आणून ठेवल्या. फ्रेडरिक टेलरने १९११ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, यामुळे एका गवंड्याच्या ताशी १२० विटांच्या जागी ३५० विटा होऊ लागल्या. गवंडी धावत नव्हता. त्याचे वाकणे वाचले होते. आमच्या बीडकराने गिलब्रेथचे नावही ऐकलेले नाही, पण त्याचा एप्रन आणि चाकांचा पाट ही त्या परांचीचीच पिलावळ.

या गिलब्रेथला बारा मुले झाली. त्याच्या दोन मुलांनी १९४८ साली लिहिलेल्या पुस्तकात एक गंमत आहे. वेळ वाचावा म्हणून हा गृहस्थ दोन हातांत दोन वस्तरे घेऊन दाढी करी. ४४ सेकंद वाचले. पण कापलेल्या गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटे गेली. वाईट वाटले ते त्या दोन मिनिटांचे! उरक आणि उरकून टाकणे यांतली सीमारेषा इतकी बारीक असते. एका वस्तऱ्याच्या पात्याएवढी. १९२४ साली तो वारल्यावर त्याची विदुषी पत्नी लिलियन हिला कारखानदार काम देईनात, कारण ती बाई. मग तिने तेच शास्त्र स्वयंपाकघरात आणले. ओटा, चूल आणि कपाट कसे मांडले म्हणजे बाईची पावले कमी पडतील हे तिने मोजून दाखविले. पायाने झाकण उघडावयाच्या कचऱ्याच्या डब्याचे श्रेयही तिला देतात. आपल्या स्वयंपाकघरांत तो डबा दिसला की अकरा मुले वाढविणाऱ्या त्या विधवेला मी मनोमन नमस्कार करतो.

स्वयंपाकघराचे हे शास्त्र आमच्या शेडमध्येही अवतरले, ते गेल्या खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या पुण्याला आपली मोटार धुतलेली हवी असते. दुसऱ्या दिवशी तिला झेंडूची माळ घालावयाची, समोर नारळ फोडावयाचा. मळक्या गाडीची पूजा कशी करावी? सकाळी सातलाच शेडबाहेर रांग लागली. भाच्याने कारखान्यातली विद्या बाहेर काढली. मदतीला एक तिसरा पोरगा आणला आणि कामाच्या वाटण्या केल्या : एकाने फक्त चाके आणि पाणी मारणे, दुसऱ्याने फक्त फेस आणि धुणे, तिसऱ्याने फक्त पुसणे आणि आतले झाडणे. हेन्री फोर्डने १९१३ साली मोटारीचा सांगाडा साखळीवर चढविला, तेव्हा साडेबारा तासांचे काम पुढच्या काही महिन्यांत ९३ मिनिटांवर आले, हा इतिहास त्याने मला रांगेकडे पाहत सांगितला.

दहा वाजता पाहतो तो पाच गाड्या धुतलेल्या, ओल्याचिंब, उन्हात ओळीने उभ्या! धुणारा दहा मिनिटांत मोकळा होई. पुसणाऱ्याला वीस लागत. टँकरचे पाणी क्षाराचे. उन्हाने पाणी उडून गेले आणि पत्र्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उठली. त्या पाचही गाड्यांवर पुन्हा पाणी मारावे लागणार होते.

इतक्यात माझी बहीण पोरांसाठी पोह्यांचा डबा घेऊन आली. तिने तो ओला ताफा पाहिला, डबा खाली ठेवला आणि मुलाला म्हणाली, "अरे, चकल्या कढईच्या मानानं पाडतात. कढईत मावतात पाच. तू कागदावर पन्नास पाडून ठेवल्यास तर त्या वाळणार, तुटणार, तळायच्या कधी?"

भाचा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, याच विषयावर मी कॉलेजात एक पेपर दिलाय."

"मग पास कसा झालास?" ताई म्हणाली, आणि पोह्यांवर खोबरे पेरू लागली.

त्या क्षणापासून नियम झाला : पुसण्याची जागा रिकामी झाल्याशिवाय नवी गाडी पाण्याखाली घ्यावयाची नाही. धुणारा मोकळा झाला की त्याने हातात टॉवेल घ्यावयाचा आणि पुसणाऱ्याला हात द्यावयाचा. पाहणाऱ्याला वाटावे, काम मंदावले. कारण पंपाचा आवाज मधूनमधून बंद पडू लागला. दिवेलागणीपर्यंत २६ गाड्या बाहेर पडल्या. आदल्या वर्षी १९ पडल्या होत्या आणि त्यांतल्या दोन ठिपके घेऊन परत आल्या होत्या. सायंकाळी पंप, बादल्या आणि तो चाकांचा पाट ओळीने मांडून पोरांनी त्यांना हळदकुंकू वाहिले. गिलब्रेथ असता तर त्यालाही दोन झेंडूची फुले मिळाली असती.

इथपर्यंत सारे गोड. पण काम लवकर होऊ लागले, आणि मग खरा प्रश्न पुढे आला. वाचलेला वेळ कोणाचा?

त्यावर पहिला हक्क सांगितला गिऱ्हाइकाने. एक सद्गृहस्थ घड्याळ पाहत म्हणाले, "चाळीस मिनिटांत झाली की! मागे तास लागला होता. मग पैसे तेवढेच कसे?" भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "साहेब, गुरुजींनी सत्यनारायण पाऊण तासात आटोपला तर आपण दक्षिणा कापतो का? उलट प्रसाद वेळेवर मिळाला म्हणून खूश होतो." ते हसले आणि पैसे दिले. दोनदा मोजून दिले, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा हक्क सांगितला भाच्याने. तो मुलगा मनाने वाईट नाही. पण इंजिनिअर पडला. त्याने पेन्सिल काढली. "मामा, आठ गाड्या चारला संपतात. म्हणजे सहापर्यंत सहज दहा होतील." गणित बरोबर होते. बीडकर फडकी वाळत घालीत होता. त्याने ते ऐकले. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्या आठ गाड्या बरोबर सहाला संपू लागल्या! पाट भिंतीला टेकून राहिला, प्रदक्षिणा वाढल्या. त्याला आळशी म्हणणे सोपे होते. पण ज्याने आपली पावले वाचविली, त्याच्याच डोक्यावर त्या पावलांचे ओझे चढवावयाचे, तर त्याने ती का वाचवावीत?

हा प्रश्न जुना आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारात टेलरच्या पद्धतीने कामगारांची वेळ मोजण्यासाठी घड्याळ आणले गेले, तेव्हा ओतकाम करणाऱ्यांनी काम सोडले. प्रकरण थेट प्रतिनिधिगृहाच्या चौकशीपर्यंत गेले, आणि पुढे १९१५ साली तिथल्या काँग्रेसने सरकारी शस्त्रागारांत असल्या घड्याळाला बंदी केली. त्या कामगारांचे घड्याळाशी भांडण असण्याचे कारण नव्हते. ते कोणाच्या मुठीत आहे, याच्याशी होते. फोर्डच्या साखळीवरून माणसे भराभर नोकरी सोडून जाऊ लागली, तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये त्याला नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणावा लागला आणि पात्र कामगारांना रोजचे पाच डॉलर जाहीर करावे लागले. भाच्याने ९३ मिनिटांची गोष्ट सांगितली होती. तिचे हे उत्तर-कांड मी त्याला चहाच्या वेळी सांगितले.

चार दिवस तो पेन्सिल घेऊन बसला. मग त्याने दोघांना बोलावले. ठरले ते असे : दिवसाच्या आठ गाड्या. प्रत्येक गाडी तो स्वतः दिवा धरून तपासणार. ओरखडा किंवा ठिपका दिसला तर ती मोजावयाची नाही. आठ झाल्या की पुरा रोज मिळाला, आणि पोरगा मोकळा. नववी घ्यावीशी वाटली तर तिच्या मजुरीतला अर्धा वाटा त्याचा.

बारामतीकराने दुसऱ्याच दिवशी खिशांचा एप्रन शिवून आणला. गाणे काही थांबले नाही, पण प्रदक्षिणा १२ वर आल्या. त्याच्या डोक्यावर मोटारसायकलचे हप्ते आहेत; तो नववी घेतो, कधी दहावीही घेतो. बीडकर चारला हात धुतो. एकाने वाचलेल्या वेळाचे पैसे केले, दुसऱ्याने मैदान. भाच्याचे नुकसान झाले म्हणावे, तर तसेही नाही. ठिपक्यांच्या तक्रारी घेऊन येणारे बंद झाले, आणि पोरे टिकली. या धंद्यात पोरे टिकणे म्हणजे काय, ते ज्याने दर दोन महिन्यांनी नवा मुलगा शिकवून तयार केला आहे त्यालाच कळेल.

आता मला वाटते, आपल्या आजीच्या तोंडी 'उरक' हा शब्द जेव्हा येई, तेव्हा त्यात लवकर संपण्याचे कौतुक थोडे आणि नंतरच्या सुखाचे जास्त असे. उरक असलेल्या बाईची भांडी दुपारी दोनला पालथी पडलेली असत, आणि ती ओसरीवर वाती वळीत, गप्पा मारीत बसलेली असे. तो वेळ तिचा होता, म्हणून तर तिला तो वाचवावासा वाटे. यंदाच्या दिवाळीत आपल्या घरी एखादी सून, एखादी मोलकरीण किंवा एखादा गाडी धुणारा पोरगा काम भराभर आटोपून उभा राहिला, तर "आता जरा हेही करून टाक" असे शब्द ओठांवर येतील. ते तिथेच ठेवावेत, आणि त्याच्या हाती फराळाची ताटली द्यावी.

बीडकराची भरती अजून व्हावयाची आहे. सोळाशे मीटर तो आता पाच मिनिटे चाळीस सेकंदांत धावतो असे परवा त्याने सांगितले. मैदानावर त्याचा मित्र घड्याळ लावून उभा असतो. त्या घड्याळाला तो भीत नाही. पोचल्याबरोबर, धापा टाकीत, आधी तेच हातात घेऊन पाहतो.